शेवाळातला प्रकाश, संगणकातलं मॉडेल: रेणूंमधल्या ऊर्जावहनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हे पान आहे. प्रकाश गोळा करणाऱ्या रेणूंच्या समूहात ऊर्जा कशी फिरते आणि तिचं मॉडेल कसं बांधायचं, यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. क्रमानेच वाचायला हवं असं नाही. पण जोडणी, ऊर्जाफरक आणि परिसर या तिघांची तुलना जिथे केली आहे तो प्रश्न वगळू नका. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

पानात अँटेना असतो म्हणजे काय?

पानातलं प्रत्येक क्लोरोफिल स्वतः रसायन घडवत नाही. बहुतेक क्लोरोफिल नुसता प्रकाश शोषतात आणि ऊर्जा शेजाऱ्याला देतात. अशी हातोहात ती मोजक्या खास रेणूंपाशी, म्हणजे अभिक्रिया केंद्रापाशी पोचते. तिथे इलेक्ट्रॉन सुटतो आणि पुढचं रसायन सुरू होतं. ऊर्जा गोळा करणाऱ्या या सगळ्या रेणूंना मिळून अँटेना म्हणतात.

याचा पहिला पुरावा मिळाला तो १९३२ साली. रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला या हिरव्या शेवाळावर अगदी क्षणभराचे प्रकाशझोत टाकले आणि एका झोतात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन निघतो ते मोजलं. सुमारे अडीच हजार क्लोरोफिल रेणूंमागे ऑक्सिजनचा एकच रेणू निघत होता. प्रत्येक क्लोरोफिल स्वतंत्रपणे काम करत असतं तर हा आकडा इतका मोठा आलाच नसता. निसर्गाने असं का केलं असावं, याचं कारण साधं आहे. भर उन्हातही एका क्लोरोफिलच्या वाट्याला सेकंदाला दहाएक फोटॉन येतात. तेवढ्यासाठी प्रत्येकाजवळ अभिक्रिया केंद्राची महागडी यंत्रणा उभारणं परवडत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर बसून हा विषय कशाला?

कारण इतक्या वेगवेगळ्या अँटेना इतक्या जवळजवळ फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला ओहोटीचं पाणी खूप मागे जातं. तेव्हा रत्नागिरी, कुणकेश्वर किंवा मालवणच्या खडकांवर तासभर फिरा. उल्वाची पातळ हिरवी पानं दिसतील, सारगॅसमचे तपकिरी झुबके दिसतील, आणि कपारींत व डबक्यांत लाल-जांभळी शेवाळं दिसतील. पावसाळ्यात लाटांचा मार खाणाऱ्या खडकांवर पोर्फायरा उगवतं. हिरवा, तपकिरी आणि लाल या तीन रंगांमागे तीन वेगळ्या अँटेना आहेत.

उल्वाची यंत्रणा आंब्याच्या पानासारखीच, क्लोरोफिल ए आणि बी यांची. सारगॅसममध्ये, तसंच समुद्रात तरंगणाऱ्या डायटम्समध्ये, फ्युकोझॅन्थिन हे रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश शोषून क्लोरोफिलला देतं. लाल शेवाळाची रचना मला सगळ्यांत सुंदर वाटते. तिथे पटलावर, म्हणजे प्रकाशसंश्लेषण होतं त्या पातळ पडद्यावर, फायकोबिलिसोम नावाचे मोठे प्रोटीन-समूह बसलेले असतात. त्यांच्या बाहेरच्या टोकाला फायकोएरिथ्रिन, जे ५६५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं. त्याच्या आत ६२० नॅनोमीटरचं फायकोसायनिन, गाभ्याशी ६५० नॅनोमीटरचं अ‍ॅलोफायकोसायनिन, आणि शेवटी पटलातलं ६८० नॅनोमीटरचं क्लोरोफिल. तरंगलांबी जितकी कमी तितकी ऊर्जा जास्त, म्हणून बाहेर जास्त ऊर्जेची पातळी, आत कमी. त्यामुळे ऊर्जा आतच वळते.

आता पाण्याकडे बघा. समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं. किनाऱ्याजवळ पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाश शोषतात. मग उरतो तो हिरवा. क्लोरोफिल नेमकं हिरव्यातच दुबळं आहे आणि फायकोएरिथ्रिन नेमकं हिरव्यातच बलवान. खाडीच्या तोंडाशी पाणी हिरवट का दिसतं आणि लाल शेवाळाला तिथे जगणं का जमतं, ही दोन्ही उत्तरं एकाच वर्णपटात आहेत.

हे आपल्या प्रयोगशाळेत दाखवता येईल का?

येईल, आणि फार कमी खर्चात. किनाऱ्यावर वाहून आलेलं ताजं लाल शेवाळ घ्या. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही तोडू नका. शेवाळ धुऊन थंड फॉस्फेट बफरमध्ये वाटा, गाळा आणि सेंट्रिफ्यूज करा. वर गुलाबी द्रावण येतं. त्यावर हिरव्या किंवा निळ्या एलईडीचा झोत टाकून बाजूने बघितलं की नारिंगी चमक दिसते. जिवंत शेवाळात ही चमक जवळजवळ दिसत नाही, कारण तिथे फायकोएरिथ्रिनची ऊर्जा शेजाऱ्याकडे जाते. तुम्ही शेजारी तोडलात, म्हणून ती प्रकाश होऊन बाहेर पडली.

याच्या पुढे जायचं तर फायकोबिलिसोम अखंड काढावे लागतात. त्यासाठी तीव्र फॉस्फेट लागतं, ०.७५ मोलरच्या आसपास. बफर पातळ केला की त्यांचे तुकडे पडतात. फ्लुओरिमीटर हाताशी असेल तर ६७० नॅनोमीटरच्या आसपासची चमक ओसरून ५७५ची वाढताना दिसते. ऊर्जावहन तुटल्याचा इतका थेट पुरावा पदव्युत्तर प्रयोगशाळेत दुसरा मिळणं कठीण.

आणखी सोपं काही हवं असेल तर लाल शेवाळाचा तुकडा गरम पाण्यात टाका. तो हिरवा होतो. फायकोएरिथ्रिनचं प्रोटीन उलगडून त्याचा रंग जातो आणि इतका वेळ झाकलं गेलेलं क्लोरोफिल दिसू लागतं.

ऊर्जा सरकते म्हणजे नेमकं काय सरकतं? इलेक्ट्रॉन की फोटॉन?

दोन्ही नाही. सरकते ती उत्तेजित अवस्था. पहिला रेणू खालच्या पातळीवर येतो आणि त्याच क्षणी दुसरा वर जातो. मधे प्रकाशकण सुटत नाही आणि शेजाऱ्याने तो झेलला असंही होत नाही. सतारीवर वरची तार छेडली की त्याच स्वरात लावलेली तरफेची तार आपसूक बोलते, तसं हे अनुनादाने घडतं. दोघांचे स्वर जुळायला हवेत. रेणूंच्या भाषेत सांगायचं तर देणाऱ्याचा उत्सर्जन-वर्णपट आणि घेणाऱ्याचा शोषण-वर्णपट एकमेकांवर पडायला हवेत.

इलेक्ट्रॉनांची खरोखर अदलाबदल होणारा दुसरा मार्गही आहे. डेक्स्टरने तो १९५३ साली मांडला. त्याला रेणूंचे इलेक्ट्रॉन-मेघ एकमेकांत शिरावे लागतात, म्हणून अंतर एक नॅनोमीटरहून कमी लागतं. क्लोरोफिलच्या त्रिक (ट्रिप्लेट) अवस्थेतली घातक ऊर्जा कॅरोटिनॉइड काढून घेतात ती या मार्गाने.

फोर्स्टरचं सूत्र काय सांगतं?

थिओडोर फोर्स्टरने १९४६ ते १९४८ या काळात दाखवलं की दोन रेणूंमधल्या ऊर्जावहनाचा वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा शेजाऱ्याकडे जाते त्याला फोर्स्टर त्रिज्या म्हणतात. रंगद्रव्यांच्या बहुतेक जोड्यांसाठी ती काही नॅनोमीटर असते. अंतर त्रिज्येच्या निम्मं केलं तर ६५ पैकी ६४ भाग ऊर्जा जाते. दुप्पट केलं तर ६५ पैकी एकच भाग. सहावा घात किती कठोर असतो ते या दोन आकड्यांवरून कळतं.

दिशेचा प्रश्नही आहे. दोन द्विध्रुव एका रेषेत आहेत की काटकोनात, यावर दिशागुणक शून्यापासून चारपर्यंत बदलतो. द्रावणात रेणू गरागरा फिरत असतात, म्हणून सरासरी दोन-तृतीयांश धरतात. प्रोटीनमध्ये रंगद्रव्यं जागच्या जागी बसवलेली असतात. तिथे दोन-तृतीयांश वापरणं चूक आहे. प्रत्येक जोडीचा गुणक स्फटिकरचनेवरून स्वतंत्र काढावा लागतो.

मग फोर्स्टरवर का थांबत नाही?

कारण रेणू फार जवळ आले की ऊर्जा एका रेणूवर आहे असं म्हणताच येत नाही.

जांभळ्या जिवाणूंचा एलएच-२ हा प्रकाश गोळा करणारा प्रोटीन-समूह घ्या. असे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या गाळात राहतात. १९९५ साली एलएच-२ ची रचना उलगडली आणि सगळ्यांना तिच्या सममितीने वेड लावलं. नऊ बॅक्टेरिओक्लोरोफिलचं एक कडं ८०० नॅनोमीटरला शोषतं आणि अठरांचं दुसरं कडं ८५०ला. अठरांच्या कड्यात शेजाऱ्यांमधलं अंतर सुमारे नऊ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे एका नॅनोमीटरहूनही कमी. जोडणी, म्हणजे दोन रेणू एकमेकांशी किती घट्ट बांधलेले आहेत ते सांगणारी ऊर्जा, दोनशे-तीनशे प्रति सेंटिमीटरच्या (हे ऊर्जेचं एकक) घरात जाते. अशा वेळी उत्तेजना खोलीच्या तापमानालाही तीन-चार रेणूंवर एकत्र पसरलेली असते. तिला एक्सायटॉन म्हणतात. ही कल्पना याकोव्ह फ्रेंकेलने १९३१ साली स्फटिकांसाठी मांडली होती.

दोन रेणूंचं उदाहरण कागदावर करून बघा. त्यांच्या ऊर्जांत १०० प्रति सेंटिमीटरचा फरक आणि जोडणी ५०. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढल्या तर नव्या दोन पातळ्यांमधलं अंतर १४१ येतं. फरक शंभराचा होता, तो एकशे एक्केचाळीस झाला, आणि प्रत्येक पातळीत दोन्ही रेणूंचा वाटा आला. आता फरक तोच ठेवून जोडणी ५ करा. अंतर १००.५ येतं आणि पातळ्या जवळजवळ एकेका रेणूच्याच राहतात. पहिल्या ठिकाणी एक्सायटॉनची भाषा हवी. दुसऱ्या ठिकाणी फोर्स्टर पुरतो.

एलएच-२ मध्ये ८०० च्या कड्यावरून ८५० च्या कड्यावर ऊर्जा साधारण एका पिकोसेकंदात जाते. साधं फोर्स्टर सूत्र लावलं तर हा वेग प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. घेणारा एक रेणू नसून अख्खं कडं आहे, आणि कड्याच्या ज्या पातळ्या थेट प्रकाश शोषत नाहीत त्यासुद्धा शेजारून आलेली ऊर्जा घेऊ शकतात. हे धरलं की हिशेब सुधारतो.

प्रत्येक ठिकाणी “प्रति सेंटिमीटर” का?

वर्णपटशास्त्राची ती जुनी सोय आहे: ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्तात सांगायची. ८०० नॅनोमीटर म्हणजे १२,५०० आणि ८५० नॅनोमीटर म्हणजे ११,७६५ प्रति सेंटिमीटर; फरक ७३५. खोलीच्या तापमानाची उष्णताऊर्जा सुमारे २०८. त्यामुळे ८५० वरून ८०० वर उलटं चढण्याचा वेग उतरण्याच्या वेगाच्या तीन टक्क्यांच्या आसपास येतो. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ८,०६५. एवढे आकडे पाठ असले की निम्मे लेख सहज वाचता येतात.

जोडणी, ऊर्जाफरक आणि परिसर: कोणता आकडा मोठा?

मॉडेलिंगचा सगळा निर्णय इथे होतो. विद्यार्थी आधी सॉफ्टवेअर निवडतात आणि मग प्रश्न त्यात बसवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की उलट करा. कागद घ्या आणि तीन आकडे लिहा.

पहिला, रेणू-रेणूंमधली जोडणी. दुसरा, त्यांच्या ऊर्जांमधला फरक. यात प्रोटीन प्रत्येक वेळी थोडं वेगळं घडी घालतं त्यामुळे येणारा विस्कळीतपणाही धरा. तिसरा, पुनर्रचना ऊर्जा. रेणू उत्तेजित झाला की भोवतालचं प्रोटीन आणि पाणी किंचित सरकून त्याला सामावून घेतात, आणि त्या सरकण्यात जी ऊर्जा सुटते ती ही. तापमानाचा चौथा आकडा सगळ्यांना सारखाच, २०८.

पुनर्रचना ऊर्जा जोडणीहून बरीच मोठी असेल, तर उत्तेजना एका रेणूवर बसते, परिसर तिच्याभोवती स्थिरावतो आणि मग ती उडी मारते. इथे फोर्स्टर योग्य. जोडणी बरीच मोठी आणि परिसराची पकड सैल असेल, तर आधी एक्सायटॉन-पातळ्या काढाव्यात आणि परिसर उत्तेजनेला एका पातळीवरून दुसरीवर ढकलतो असं धरावं. हा रेडफिल्डचा मार्ग. तिन्ही आकडे एकाच घरातले असतील तर दोन्ही मार्ग डळमळतात.

हिरव्या गंधक-जिवाणूंमधला एफएमओ (फेन्ना-मॅथ्यूज-ओल्सन) हा रंगद्रव्यं धरणारा प्रोटीन-समूह इतका गाजला तो त्यामुळेच. १९७५ साली त्याची रचना मिळाली. क्लोरोफिल असलेल्या प्रोटीनची ती पहिलीच. त्यात सात बॅक्टेरिओक्लोरोफिल दिसले, आठवा पुढे सापडला. सर्वांत मोठी जोडणी शंभराच्या आत, ऊर्जाफरक शंभराच्या पटीत, आणि पुनर्रचना ऊर्जा बऱ्याच मॉडेलांत ३५ धरतात. कोणताच आकडा दुसऱ्यापुढे नगण्य म्हणून सोडता येत नाही. लहान असूनही अवघड, म्हणून प्रत्येक नवी पद्धत आधी एफएमओवर घासून बघतात.

मॅट्रिक्समधले आकडे आणायचे कुठून?

कर्णावर प्रत्येक रंगद्रव्याची ऊर्जा आणि कर्णाबाहेर जोडण्या. जोडण्या त्या मानाने सोप्या. प्रोटीन डेटा बँकेतून अणूंच्या जागा घ्यायच्या आणि द्विध्रुव-द्विध्रुव सूत्र लावायचं. रेणू फार जवळ असतील तर द्विध्रुवाऐवजी अणूंवर वाटलेले संक्रमण-प्रभार वापरायचे, कारण नऊ अँगस्ट्रॉमवर अख्ख्या क्लोरोफिलला एक बिंदू मानणं चालत नाही.

कर्णावरच्या ऊर्जा मात्र छळतात. एकाच जातीचा रेणू, पण एकाजवळ प्रभारित अमिनो आम्ल आहे, दुसऱ्याला हायड्रोजन-बंध आहे, तिसऱ्याचं कडं जरा वाकलेलं आहे. एवढ्याने ऊर्जा शेकड्यात बदलते. पुंज-रासायनिक गणनेची त्रुटी बऱ्याचदा या फरकांहून मोठी असते. म्हणून अनेक जण मोजलेल्या शोषण-वर्णपटाशी जुळवून ऊर्जा ठरवतात. यात धोका असा की सात अज्ञात आणि एक वक्र जुळवला तर अनेक उत्तरं बसतात. शोषणाबरोबर वर्तुळी द्विवर्णता आणि रेषीय द्विवर्णता हे ध्रुवित प्रकाशाने घेतलेले वर्णपटही एकदम जुळवले तर बरीचशी चुकीची उत्तरं गळतात.

एचईओएम सगळ्यांत अचूक म्हणतात. तीच का वापरू नये?

एचईओएम म्हणजे गतिसमीकरणांची उतरंड. तानिमुरा आणि कुबो यांनी १९८९ साली दिलेली ही पद्धत परिसराची स्मृती पायरीपायरीने, सहायक मॅट्रिक्सांच्या उतरंडीत धरते. तिन्ही आकडे एकाच घरातले असतानाही ती टिकते. अडचण आकाराची. प्रत्येक रेणूच्या परिसराला एकच घातांकी पद धरून सहाव्या थरापर्यंत गेलात तर सात रेणूंना १,७१६ मॅट्रिक्स लागतात. कुठलाही लॅपटॉप ते हसत करतो. एलएच-२ च्या सत्तावीस रेणूंना मात्र अकरा लाखांवर मॅट्रिक्स लागतात आणि नुसती संगणकाची मेमरी तेरा गिगाबाइटच्या आसपास जाते. तापमान उतरवलंत की घातांकी पदं वाढवावी लागतात आणि आकडा आणखी फुगतो.

म्हणून एक व्यवहारी वाट: समूहाचे गट पाडा. घट्ट जोडलेले रेणू एका गटात, त्यांच्यासाठी एक्सायटॉन-पातळ्या. गटागटांमध्ये व्यापक फोर्स्टर, म्हणजे एकेका रेणूऐवजी गटाच्या पातळ्या धरणारं सूत्र. परिसराचा परिणाम ठरावीक दरांनी धरणारं लिंडब्लाडचं समीकरण सुरुवातीला शिकायला छान आहे, पण त्यातले ऱ्हास-दर तुम्ही हाताने घालता. मग निकालही तुमच्या हातचाच असतो, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

झाडं क्वांटम संगणकासारखं काम करतात हे खरं का?

असं छापून आलं होतं खूप, त्यामागची हकीकत अशी. २००७ साली ग्रॅहॅम फ्लेमिंग यांच्या गटाने एफएमओवर ७७ केल्विनला द्विमितीय वर्णपटमापन केलं. त्यांना साडेसहाशे फेम्टोसेकंदांहून जास्त टिकणारे हेलकावे दिसले. उत्तेजना एकाच वेळी सगळ्या वाटा चाचपते आणि म्हणून इतकी कार्यक्षम ठरते, असा त्याचा अर्थ लावला गेला. जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ या विषयाकडे वळले आणि पद्धतींची जी प्रगती झाली ती खरोखर मोठी आहे.

पण अर्थ टिकला नाही. २०१७ साली सामान्य तापमानाला पुन्हा मोजमाप झालं, तेव्हा इलेक्ट्रॉनी सुसंगती, म्हणजे उत्तेजित पातळ्यांमधला तालमेळ, साठ फेम्टोसेकंदांच्या आत विरते असं दिसलं. दीर्घकाळ टिकणारे हेलकावे मुख्यतः रेणूंच्या कंपनांचे, हे आज बहुतेकांना मान्य आहे. अभिक्रिया केंद्रापर्यंतचा प्रवास पिकोसेकंदांचा असतो, तेव्हा साठ फेम्टोसेकंदांत विरणारी सुसंगती त्या प्रवासाचं कारण होऊ शकत नाही. एक्सायटॉनचं अनेक रेणूंवर पसरणं हा परिणाम मात्र अस्सल पुंजयांत्रिकीचा आहे आणि तो वादात नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

परिसराची थरथर ऊर्जावहनाला मदत करते, हे कसं?

पूर्ण शांत जगात वेगळ्या ऊर्जेचे दोन रेणू ऊर्जेची देवाणघेवाण नीट करूच शकत नाहीत. उत्तेजना मागे-पुढे झुलते आणि बहुतेक वेळ मूळ जागीच सापडते. परिसर थरथरला की पातळ्या वरखाली होतात, अधूनमधून जुळतात, आणि उत्तेजना पुढे जाते. थरथर फार वाढली तर जुळलेला क्षण टिकतच नाही आणि प्रवास पुन्हा मंदावतो. मधल्या एका टप्प्यावर वेग सर्वाधिक असतो. २००८-०९ मध्ये दोन-तीन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. वेगवेगळ्या ऊर्जांच्या चार रेणूंची साखळी घेऊन, थरथरीचा जोर (सुसंगती विरण्याचा दर) शून्यापासून वाढवत, शेवटच्या रेणूपर्यंत पोचलेली ऊर्जा आलेखावर मांडा. टेकडीसारखा वक्र तुमच्याच पडद्यावर उगवेल. पदव्युत्तर पहिल्या वर्षाला याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते. तोही अँटेनाच का?

नाही. तो रंग अँथोसायनिनचा. ते पेशीच्या रिक्तिकेत असतं, क्लोरोफिलपासून फार दूर, त्यामुळे त्याने शोषलेली ऊर्जा क्लोरोफिलला मिळत नाही, उष्णता होऊन जाते. मॉडेलमध्ये त्याला अँटेना म्हणून धरू नका. फार तर प्रकाश गाळणारा पडदा म्हणून धरा.

एप्रिलच्या उन्हात झाडाला ऊर्जा जास्त होत नाही का?

होते, आणि ती तशीच राहिली तर क्लोरोफिल त्रिक-अवस्थेत जाऊन ऑक्सिजनचं घातक रूप तयार करतं. झाड मग अँटेनामध्येच ऊर्जा उष्णतेत घालवण्याची वाट उघडते. कडक उन्हात व्हायोलाझॅन्थिनचं झियाझॅन्थिन होतं, पीएसबीएस नावाचं प्रोटीन पटलातली आम्लता ओळखतं, आणि क्लोरोफिलच्या उत्तेजित अवस्थेचं आयुष्य सुमारे दोन नॅनोसेकंदांवरून निम्म्याहून खाली येतं. ऊर्जा नेमक्या कोणत्या रेणूवर विझते यावर अजून वाद चालू आहे. मॉडेलमध्ये हे बसवणं सोपं आहे: एखाद्या रेणूला ऊर्जा गिळणारा जादा दर द्या आणि तो रेणू बदलत जा. कुठे ठेवल्यावर सगळ्या अँटेनाचं आयुष्य मोजमापाशी जुळतं ते बघा. ढगाची सावली आली-गेली की झाडाला ही वाट मिनिटांत बंद-चालू करावी लागते. त्या उशिरात पिकाचं किती नुकसान होतं, हा शेतीच्या दृष्टीने मोलाचा प्रश्न आहे.

ऊर्जावहन ९५ टक्के कार्यक्षम म्हणतात, मग शेतात एक-दोन टक्केच का साठतं?

दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला मोजतो शंभर उत्तेजनांपैकी किती अभिक्रिया केंद्रात पोचल्या. पोचायला ५० पिकोसेकंद आणि वाया जायला एक नॅनोसेकंद लागत असेल तर उत्तर ९५ टक्के येतं. दोन दरांचं साधं गुणोत्तर. दुसरा मोजतो सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी किती धान्यात आणि लाकडात उरली. मधे न शोषलेला प्रकाश, उतरणीत गेलेली उष्णता, कार्बन पकडण्याचा खर्च आणि श्वसन हे सगळं येतं.

रात्री लाटा निळ्या चमकतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट नाही. नॉक्टिल्युकासारखे सूक्ष्मजीव रासायनिक अभिक्रियेतून प्रकाश निर्माण करतात. तिथे प्रकाश गोळा होत नाही, सोडला जातो. पण जवळचं एक उदाहरण आहे. एक्वोरिया या जेलीफिशमध्ये एक्वोरिन प्रोटीन निळ्या प्रकाशाची ऊर्जा तयार करतं, पण ती निळा प्रकाश होण्याआधीच शेजारच्या हरित प्रोटीनकडे जाते आणि प्राणी हिरवा चमकतो. हे अनुनादी वहनच. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली ही दोन्ही प्रोटीनं वेगळी केली आणि २००८ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

सौरऊर्जेला याचा उपयोग?

आजच्या सिलिकॉन पॅनेलला फारसा नाही. चकाकणारे रंग घातलेल्या काचा, ज्या प्रकाश कडेकडे नेतात, आणि पॉर्फिरिनच्या कृत्रिम साखळ्या यांत आहे. हिरव्या जिवाणूंच्या क्लोरोसोममध्ये लाखभर रेणू प्रोटीनच्या आधाराशिवाय आपोआप रचले जातात. रसायनशास्त्रज्ञांना शिकण्यासारखं तिथे सर्वांत जास्त आहे.

सुरुवात कशी करू? गणित किती लागेल?

मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू, साधी विकलक समीकरणं आणि बोल्ट्झमनचं वितरण एवढं येत असेल तर आजच सुरू करा. पायथन आणि नमपाय पुरतात; पुढे क्यूटिप हे मोफत पॅकेज आहे. पहिलं मॉडेल फायकोबिलिसोमचं करा: चार पातळ्या, प्रत्येक शेजारी जोडीला खाली जाण्याचा एक दर, वर जाण्याचा दर बोल्ट्झमनच्या गुणोत्तराने, आणि प्रत्येक पातळीला एक नॅनोसेकंदाचा ऱ्हास. चार समीकरणं सोडवली की चार वक्र मिळतात. मग सगळ्यांत बाहेरची जोडी तोडा. वर सांगितलेल्या गुलाबी द्रावणाचा नारिंगी प्रकाश तुमच्या आलेखात येतो. जूननंतर लांब गणना चालवत असाल तर दर काही मिनिटांनी मधला निकाल फाइलमध्ये जतन करण्याची सोय आधी करा. वीज गेली तर रात्रभराचं काम जातं.

निकाल बरोबर आहे हे कसं तपासू?

एकक आधी तपासा. आकडे प्रति सेंटिमीटर मध्ये आणि काळ फेम्टोसेकंदात असला की दोन पायचा (२π) गुणक हमखास निसटतो. खात्रीची परीक्षा ही: सारख्या ऊर्जेचे दोन रेणू, जोडणी १००, परिसर नाही. उत्तेजना पहिल्यावरून निघून परत पहिल्यावर यायला १६७ फेम्टोसेकंद लागले पाहिजेत. तुमच्याकडे हजाराच्या पुढचा आकडा आला तर तो गुणक राहिला आहे.

मग सगळ्या संभाव्यतांची बेरीज प्रत्येक क्षणी एक आहे का आणि कुठली ऋण तर होत नाही ना, ते बघा; रेडफिल्डमध्ये ती ऋण होऊ शकते आणि झाली तर पद्धत तिच्या हद्दीबाहेर गेली आहे. ऊर्जेचा ऱ्हास बंद करून बराच वेळ चालवा. शेवटी बोल्ट्झमनचं वितरण यायला हवं. सगळ्या रेणूंवर सारखीच संभाव्यता आली तर तुमच्या परिसराला तापमानच नाही. परिसराला नुसता गोंगाट मानणाऱ्या हाकेन-स्ट्रोबल मॉडेलचा हा स्वभावच आहे. विस्कळीतपणासाठी एकच मॅट्रिक्स वापरू नका. ऊर्जा यादृच्छिक बदलून हजारभर मॅट्रिक्सांची सरासरी घ्या आणि संख्या दुप्पट केल्यावर वक्र हलत नाही हे बघा. एचईओएम असेल तर एक थर वाढवून तेच करा.

आणि काळानुसारचा आलेख काढण्याआधी त्याच मॅट्रिक्समधून शोषण-वर्णपट काढून मोजलेल्या वर्णपटावर ठेवा. शिखरं जुळत नसतील तर गतीचं गणित अजून सुरू करू नका. कर्णावरच्या ऊर्जांकडे परत जा.